शिक्षा संपते त्या दिवशी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी तुरुंगाविषयी बोलणार असे कळताच एका बाईंनी विचारले, "आपल्या मंडळाचा त्याच्याशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. तुरुंग चालवणे हे सरकारचे काम. पण शिक्षा भोगून सुटलेला माणूस संध्याकाळी परततो तो आपल्याच आळीत. खोली भाड्याने द्यायची की नाही ते आपण ठरवतो, आणि "आत जाऊन आलाय हो तो" असे जिन्यात कुजबुजतोही आपणच.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानात १९३९ साली, मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. कैद्यांनी तेथे उघड्यावर राहावयाचे, शेती करावयाची आणि बायकामुलांनाही जवळ आणावयाचे. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. आपल्या लक्षात राहिली त्यातली गाणी! मला मात्र मोठी वाटते ती बायकामुलांची गोष्ट. ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे, तो पळून जाणार कोठे?

बाईला ही सोय सहसा लाभत नाही. नवरा तुरुंगात गेला तर बायको भेटीला रांगेत उभी राहते; बायको गेली तर पुष्कळदा कोणीच फिरकत नाही. सहा वर्षांपर्यंतचे मूल तिच्याजवळ राहू शकते, पुढे ते नातेवाइकांकडे नाहीतर संस्थेत. सुटून आल्यावर सासर बंद, माहेरी भावजय उंबऱ्यात उभी. अशा बाईला पहिल्या दिवशी उपदेश नको असतो. रात्रीपुरती पाठ टेकायला जागा, रेशनकार्ड नि आधारकार्ड पुन्हा मिळवताना कचेरीत सोबत, आणि महिनाभर टिकेल असे काम, एवढे मिळाले तर बाकीचे ती स्वतः पाहते.

आता मुलांविषयी. बाप आत असला की मुलाची शाळा आधी सुटते. मग नाक्यावरचा कोणी 'भाई' त्याला चहा पाजतो, नावाने हाक मारतो, लहानसे काम सांगतो. भाईचे बळ यातच आहे हो, तो रोज विचारपूस करतो! आपण करतो का?

एखादा मुलगा पोलिसांत सापडलाच, तर आयुष्य संपले असे त्याच्या आईला कोणी सांगू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठराच्या आतील मुलाला त्या दोषामुळे पुढे अपात्र ठरवता येत नाही. सोळा ते अठरा वयाच्या ज्या मुलांचा अतिघोर गुन्ह्यासाठी मोठ्यांप्रमाणे खटला चालतो, त्यांची गोष्ट वेगळी. कायदा विसरायला तयार असतो. शेजारीण मात्र दहा वर्षांनी लग्न मोडायला तेच काढते.

म्हणून माझी मागणी लहान आहे. एका बाईने एकच मुलगा किंवा मुलगी घ्यावी आणि निदान वर्षभर, ठरल्या वारी, ठरल्या वेळी भेटावे. "तू काय केलेस?" असे विचारू नये. सांगायचे तेव्हा तो सांगेल. त्याला आपले एखादे काम सांगावे, बाजाराचा हिशेब लिहायला द्यावा, पैसे मोजून हातात द्यावेत. देता येणार नाही अशा नोकरीचे वचन देऊ नये. आणि चार आठवड्यांत उत्साह ओसरणार असेल तर आरंभच करू नये. सोडून गेलेली माणसे त्या मुलांनी पुष्कळ पाहिली आहेत.

ज्यांना हे जमेल त्यांनी चहापानानंतर कार्यवाहबाईंच्या वहीत नाव लिहावे, आणि कोणता वार मोकळा आहे तेही.