देशाची स्पर्धाक्षमता : माप आणि मोल

(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने अर्थकारणावर बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु हा विषय बडोद्याला परका नाही. देशाचे आर्थिक बळ कसे मोजावे आणि इतर देशांशी ते कसे ताडून पाहावे, याचा मूलगामी विचार ज्या भारतीयांनी केला, त्यांपैकी तिघांचा या संस्थानाशी निकटचा संबंध आला. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांचे दिवाण होते. रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले आणि १९०९ मध्ये दिवाणपदी असताना येथेच त्यांनी देह ठेवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेले. आजच्या विवेचनात मी या तिघांचाच आधार घेणार आहे.

अमुक अहवालात भारत इतक्या पायऱ्या चढला, तमुक अहवालात इतक्या घसरला, असे वृत्तपत्रांत आपण वाचतो आणि त्याप्रमाणे हर्ष वा खेद मानतो. तो आकडा सिद्ध कसा होतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वानगीदाखल जागतिक आर्थिक मंचाचा २०१९ चा अहवाल घेऊ. त्यात १४१ देश बारा कसोट्यांवर तपासले गेले. आदल्या वर्षी ५८ वा असलेला भारत ६८ वा ठरला. दहा पायऱ्यांची ही घसरण पाहून बरीच हळहळ झाली. प्रत्यक्षात शंभरांपैकी आपला पुरता एक गुणही कमी झाला नव्हता. मधल्या देशांची दाटी एवढी, की अर्ध्यापाऊण गुणाने दहा जागा हलाव्यात! पुढे २०२० मध्ये मंचाने हा क्रम लावणे स्थगित केले.

जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या अहवालाची कथा याहून बोधप्रद आहे. २०१४ मध्ये त्यात १४२ व्या स्थानी असलेला भारत २०१९ मध्ये ६३ व्या स्थानी पोहोचला. काही सुधारणा खऱ्या होत्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु एवढ्या विशाल देशाची ही पाहणी केवळ मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांपुरती होती. आपले बडोदे त्या हिशेबात नव्हते. शिवाय २०१८ व २०२० च्या आवृत्त्यांत भारताच्या नव्हे, पण अन्य काही देशांच्या आकड्यांत गैरप्रकार आढळले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने तो अहवालच बंद केला. मापात पाप नसावे, हा आपल्या बाजारपेठेचा जुना दंडक. तो जागतिक संस्थांनाही चुकलेला नाही.

लोझान येथील व्यवस्थापन संस्थेचा वार्षिक क्रम आजही निघतो. त्यात सुमारे दोन तृतीयांश भार आकडेवारीला आणि एक तृतीयांश उद्योगातील अधिकाऱ्यांच्या मतांना असतो. व्यवस्थापकाचे मत अवश्य घ्यावे. परंतु यंत्रावर उभ्या असलेल्या कामगाराला कोणी विचारत नाही, हे ध्यानात ठेवावे.

मग देशाची तुलना करूच नये काय? करावी, पण ती कशी, हे दादाभाईंकडून शिकावे. भारतीयाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये आहे, असा हिशेब त्यांनी १८७६ मध्ये मांडला. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी तो आकडा तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या सरकारी खर्चाशेजारी ठेवला. कैद्याचा खर्च अधिक भरला! इंग्लंडच्या मागे आपण किती, यापेक्षा माणसाच्या गरजेच्या मागे किती, हे दाखविणारे ते माप होते.

रमेशचंद्र दत्तांनी दुसरी दृष्टी दिली. भारतीय कापडावर विलायतेत जबर जकात आणि विलायती कापडाला येथे जवळजवळ मुक्तद्वार, अशा अटींवर झालेली स्पर्धा ही बरोबरीची स्पर्धा नव्हे, हे त्यांनी आपल्या आर्थिक इतिहासात मांडले. तेव्हा कोण हरले हे पाहताना नियम कोणी केले, हेही पाहावे लागते.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. स्पर्धाक्षमता म्हणजे स्वस्त मजुरी काय? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात कामगाराला दिवसाला ५०० रुपये मिळतात आणि तो दहा नग करतो. दुसऱ्यात ९०० रुपये मिळतात. पण चांगले यंत्र व चांगले शिक्षण असल्याने तो तीस नग करतो. पहिल्याचा मजुरीखर्च नगामागे ५० रुपये, दुसऱ्याचा ३०. अधिक मजुरी देणाराच बाजारात स्वस्त ठरला.

चलनाचे मोल उतरवून निर्यात वाढविण्याच्या मार्गाबद्दल बाबासाहेबांनी १९२३ च्या रुपयाविषयीच्या ग्रंथात असाच इशारा दिला होता. किमती चढतात आणि मजुरी मागे राहते. तेव्हा होणारा लाभ राष्ट्राचा नसून एका वर्गाने दुसऱ्याकडून घेतलेला असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पॉल क्रुगमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये निराळ्या अंगाने बजावले, की राष्ट्र म्हणजे कंपनी नव्हे. कंपनी दिवाळे काढून बंद पडू शकते. देशाला तशी सोय नाही. तेव्हा विकसनशील देशाची खरी क्षमता एकच : आपल्या माणसांची उत्पादकता वाढवून त्यांचे जीवनमान उंचावणे.

या कसोटीवर २०१९ चाच अहवाल पुन्हा पाहा. बाजारपेठेच्या आकारात भारत तिसरा होता. कौशल्यात १०७ वा आणि आरोग्यात ११० वा. एकूण क्रमांकापेक्षा ही तफावत अधिक बोलकी आहे. बाजारपेठ लोकसंख्येमुळे आपोआप मोठी होते. कौशल्य व आरोग्य कमवावे लागते. सयाजीराव महाराजांनी हे जाणले होते. १८९० मध्ये कलाभवन, १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग, १९०६ मध्ये तो संस्थानभर, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये, असा तो क्रम आहे. शाळा, कारागिरी, भांडवल आणि वाचन ही त्यांच्या लेखी एकाच कार्याची अंगे होती.

म्हणून यापुढे असा एखादा क्रमांक वाचनात आला, की तीन प्रश्न अवश्य विचारावेत. काय मोजले? कोणाला विचारून मोजले? आणि त्या वाढीने कोणाच्या ताटात काय पडले? मूळ अहवाल, जनगणनेची पुस्तके आणि संस्थानचे जुने प्रशासन-अहवाल वाचकांना एकत्र पाहावयास मिळतील, असा एक विभाग ग्रंथालयाने नव्या शतकात उभारावा, अशी माझी नम्र सूचना आहे. आकड्यांची पारख करणारा वाचक तयार करणे, हेही ग्रंथालयाचेच काम होय.