एकच डाव, वेगवेगळी ऐपत



पदवीदान समारंभाला आलेला पाहुणा बहुतेक वेळा एकच सांगतो : धाडस करा, जोखीम घ्या. मग स्वतःचं उदाहरण देतो. यात एक अडचण आहे. ज्यांचं धाडस फळलं त्यांनाच पाहुणे म्हणून बोलावणं जातं. तेवढंच धाडस करून बुडालेली माणसं आपापल्या गावी हप्ते फेडत बसलेली असतात, त्यांना शाल-श्रीफळ कुणी देत नाही. माझं नोकरीचं आयुष्य विमा कंपनीत गेलं, दुसऱ्यांच्या जोखमीचे हिशेब करण्यात. त्यामुळे समोरच्या सगळ्यांना एका सुरात 'जोखीम घ्या' म्हणणं मला जमत नाही. का जमत नाही, ते हिशेबानेच सांगतो.

समजा, मी तुमच्याशी पैज लावली. नाणं उडवायचं. छापा आला तर मी तुम्हाला २०,००० रुपये देणार, काटा आला तर तुम्ही मला १०,००० द्यायचे. नाणं सरळ आहे, माझी नियतही. सरासरी काढली तर प्रत्येक फेकीला तुमचा ५,००० रुपये फायदा आहे. आता सांगा, खेळाल? पुढच्या रांगेतले काही हात वर गेलेले दिसतात. मागे बसलेल्या कुणाच्या तरी खात्यात मात्र आज १२,००० आहेत, आणि त्यातूनच खोलीचं भाडं नि मेसचे पैसे जायचे आहेत. त्याचा हात खाली आहे. तो भित्रा आहे का? त्याचं गणित कच्चं आहे का?

हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी बाझेलच्या बर्नुली घराण्यात निघाला. १७१३ मध्ये निकोलस बर्नुलीने माँमोर या फ्रेंच गणितज्ञाला पत्रातून एक कोडं घातलं. त्याचं पुढे रूढ झालेलं रूप असं : छापा पडेपर्यंत नाणं उडवत राहायचं. पहिल्याच फेकीला छापा आला तर १ डुकाट (तेव्हाचं सोन्याचं नाणं), दुसऱ्या फेकीला आला तर २, तिसऱ्या फेकीला ४, असं दुप्पट होत जाणार. या खेळाची सरासरी कमाई काढायला बसलं की ती अनंत येते. म्हणजे खेळात बसण्यासाठी माणसाने घरदार विकून पैसे द्यायला हवेत. प्रत्यक्षात शहाणा माणूस २० डुकाटही देणार नाही.

१७३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने निकोलसच्या चुलतभावाचा, डॅनिएल बर्नुलीचा, लॅटिन निबंध छापला. त्याचं म्हणणं असं की सरासरी पैशांची काढू नका, ते पैसे त्या माणसाला किती मोलाचे आहेत त्याची काढा. आणि वाढीव पैशाचं मोल हातात आधी किती आहे त्याच्या व्यस्त प्रमाणात असतं. हजार असणाऱ्याला शंभर मिळाले तर जेवढा फरक पडतो, तेवढाच फरक लाख असणाऱ्याला पडायला दहा हजार मिळावे लागतात. या नियमाने त्याने तो अनंत मोलाचा खेळ पुन्हा तोलला. ज्याच्याकडे १० डुकाट आहेत त्याच्या लेखी त्या खेळाची किंमत सुमारे ३ डुकाट भरली, १,००० असणाऱ्याच्या लेखी सुमारे ६.

माझी पैजही याच काट्यावर घालून पाहा. उत्तर नेटकं येतं. ज्याची एकूण पुंजी २०,००० पेक्षा कमी आहे त्याने ती नाकारावी, ज्याची जास्त आहे त्याने स्वीकारावी. १२,००० वाल्याच्या लेखी पैज घेणं म्हणजे हातातल्या बारा हजारांची किंमत आठ हजारांवर आणणं. मागच्या रांगेतल्या त्या विद्यार्थ्याने कागद-पेन्सिल न घेता बर्नुलीचं उत्तर काढलं होतं.

त्या निबंधात एका गरिबाची गोष्ट आहे. मला ती फार आवडते. त्याच्या हाती सोडतीचं एक तिकीट लागतं : अर्धी शक्यता २०,००० डुकाटांची, अर्धी शून्याची. सरासरीने तिकिटाची किंमत १०,०००. कुणीतरी ९,००० ला मागतो. बर्नुली म्हणतो, गरिबाने ते विकलं तर त्यात काही चूक नाही, आणि श्रीमंताने त्या भावात ते घ्यायला नकार दिला तर मात्र तो चुकला. विकणारा शहाणा आणि घेणाराही शहाणा. आमचा सगळा विमाधंदा या एका वाक्यावर उभा आहे.

त्याचं दुसरं उदाहरण आमच्याच खात्यातलं आहे. पीटर्सबर्गच्या व्यापाऱ्याचा अॅमस्टरडॅमहून माल यायचा आहे, घरी पोचला तर १०,००० रुबलांचा. शंभरात पाच जहाजं बुडतात. विम्याचा हप्ता आहे ८०० रुबल. सरासरी नुकसान ५०० चंच, म्हणजे हप्ता महाग. तरीही मालाशिवाय ५,०४३ रुबलांहून कमी पुंजी असेल तर व्यापाऱ्याने तो महाग हप्ता भरावा, असं उत्तर येतं. आणि विमा देणाऱ्याकडे किमान १४,२४३ असावेत. जहाज तेच, समुद्र तोच. कुणी काय करावं हे ठरलं घरच्या तिजोरीवरून.

आता आपल्या घरची गोष्ट. 'मराठी माणूस जोखीम घेत नाही, नोकरी बघतो' हे आपण एकमेकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते रक्तगटासारखं वाटायला लागलं आहे. मला हे निदान पटत नाही. ज्याच्या मागे दोन काका नि एका मामाची पेढी उभी आहे, त्याचं दुकान बुडालं तर तो पुढच्या दिवाळीला दुसरं उघडतो. ज्याच्या वडिलांनी दोन एकर कोरडवाहू गहाण टाकून फी भरली, त्याचं बुडालं तर जमीन जाते. दोघांच्या स्वभावात काडीचा फरक नसेल, तरी दोघांनी वेगळं वागणंच हिशेबाला धरून आहे. भित्रेपणा म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्यातला बराच भाग नुसती बेरीज-वजाबाकी असतो. पहिली पक्की नोकरी धरणाऱ्या मुलीला आज इथे कुणी कमी लेखलं, तर त्याने आधी तिच्या घरचा ताळेबंद मागून बघावा. (उलटही खरं आहे. सात पिढ्यांची सोय असताना 'सेफ' म्हणून कोपऱ्यात बसणारेही आहेत. त्यांच्या बाजूने बर्नुली उभा राहणार नाही.)

मात्र बर्नुलीच्या काट्यावर न बसणारी माणसंही आहेत, आणि आपल्या मुंबईतच होती. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातल्या भावांवर इथे आकडा लागायचा. त्यातून १९६० च्या दशकात मटका वाढला आणि गिरणगावात रुजला. एकेरी आकड्याला एका रुपयाला नऊ मिळायचे, आणि आकडे दहा. म्हणजे रुपया लावला की सरासरी ९० पैसे परत. बर्नुलीच्या हिशेबाने हात तंगीत असलेल्या गिरणी कामगाराने हे कधीच करू नये. तो रोज करायचा, आणि तोच कामगार पोस्टात पैसेही टाकायचा.

एकच माणूस विमाही उतरवतो आणि लॉटरीचं तिकीटही घेतो, हे कसं, याचं एक उत्तर मिल्टन फ्रीडमन आणि लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९४८ मध्ये दिलं. काही रकमा अशा असतात की त्या मिळाल्या तर माणूस थोडा अधिक सुखी होत नाही, त्याची पायरीच बदलते. दहा बाय दहाच्या खोलीतल्या सातजणांच्या घराला पाचशे रुपये वाढून काही होत नाही, पण स्वतःची खोली झाली तर जगणं बदलतं. त्या पायरीच्या आशेला रुपया ही किंमत गिरणी कामगाराला परवडत होती. मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की रुपया रोजचा होता, पहिल्या आकड्याचा म्हणजे ओपनचा वेगळा, दुसऱ्या आकड्याचा म्हणजे क्लोजचा वेगळा, आणि वर्षाअखेरी ती रक्कम रुपयाची राहत नव्हती.

तुमच्या पिढीचा आकडा मोबाइलवर लागतो आणि त्याला फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणतात. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक खेळाडूंपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक झाला. तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. चारातल्या तिघांहून अधिक जणांचं जाहीर उत्पन्न ५ लाखांच्या खाली होतं. म्हणजे ज्यांच्या लेखी प्रत्येक रुपया सर्वांत जड, तेच या खेळात दाटीने बसले आहेत.

यातला फसवा भाग तोंडी हिशेबातही दिसतो. समजा, तुम्हाला अनुकूल खेळ मिळाला : जिंकलात तर लावलेल्यावर ५० टक्के नफा, हरलात तर ४० टक्के तोटा. शंभर लावा, दोन डाव खेळा, दर वेळी हातात असेल ते सगळं लावा. एकदा जिंकून एकदा हरलात तर शंभराचे दीडशे आणि दीडशेचे नव्वद. क्रम उलटा केला तरी नव्वदच. दोन्ही हरलात तर छत्तीस. फक्त दोन्ही जिंकणाऱ्याचे दोनशे पंचवीस होतात, आणि सरासरी त्याच्यामुळे फुगते. चार जण खेळले तर तिघं तोट्यात, चौथा यूट्यूबवर क्लास काढतो. हा अनुकूल खेळ होता. दलाली, कर आणि समोर बसलेली यंत्रं धरली तर तुमचा खेळ तेवढाही अनुकूल नसतो. त्यात हरल्यावर 'गेलेले आधी काढतो' म्हणून डाव वाढवण्याची जी खोड आहे, तिच्यापासून धर्मराजही सुटला नव्हता.

आता थोडं तुमच्यातल्या त्या मित्रमैत्रिणींशी बोलतो ज्यांच्या घरी बरं आहे. शिक्षणकर्ज नाही, पुण्या-मुंबईत राहतं घर आहे, आईवडिलांना पेन्शन आहे. ९,००० ला तिकीट घेणारा माणूस तुम्ही आहात. शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीकडे कदाचित प्रक्रियाउद्योगाची चांगली कल्पना आहे, आणि मैत्रीण ती सोडून देणार आहे, कारण पहिल्या वर्षाचा तोटा तिच्या घराला झेपणारा नाही. तिला 'हिंमत कर' म्हणू नका. भागीदार व्हा. कागदावर लिहून द्या की पहिल्या दोन वर्षांचा तोटा तुमचा, तिला दरमहा ठरलेला पगार, आणि नफ्यातला मोठा वाटा तुमचा. हा उपकार नव्हे, त्यात तुमचा फायदा आहे. तिचा नकार आणि तुमचा होकार एकाच गणितातून येतो. करार करताना वकील मात्र दोघांनी वेगवेगळा घ्या.