जुन्या मोटारीची पारख

जळगांवाहून एरंडोल व पारोळा ह्या गांवांवरून धुळ्यास जाणाऱ्या रस्त्यावर, एखाद्या शेताच्या बांधाशीं किंवा जिनाच्या मागल्या छपरांत, ताडपत्रीखालीं उभी असलेली जुनी मोटार प्रवाशाच्या दृष्टीस पडते. कधीं ती कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली फियाट असते, तर कधीं शेतमाल वाहून थकलेली जीप असते. अशी गाडी विकत घेऊन ती पूर्ववत् करावी, अशी हौस बाळगणारे गृहस्थ खानदेशांतही आहेत. पण, श्रोतेहो, त्यांना सर्वांत मोठा मोह पडतो तो अर्धवट दुरुस्त झालेल्या गाडीचा. तिला नवा रंग लागलेला असतो, एंजिन खोलून पुन्हा बांधलेलें असतें, आणि "आतां किरकोळ काम तेवढें राहिलें आहे," असें मालक आग्रहानें सांगत असतो.

येथेंच ग्राहकानें सावध व्हावें. जिला कोणी हात लावलेला नाहीं अशी मोडकी गाडी खरें बोलते. तिचा गंज उघड असतो आणि तिचीं भोकें डोळ्यांना दिसतात. अर्धवट दुरुस्त गाडीचें तसें नसतें. तिच्यांत जें चांगलें झालें आहे तें वर दिसतें, आणि जें वाईट राहिलें आहे तें रंगाखालीं झांकलेलें असतें. म्हणून झालेल्या कामाचें कौतुक करण्याआधीं, काम मध्येंच कां थांबलें हा प्रश्न विचारावा. पैसा संपला म्हणून थांबलें असेल तर चिंता थोडी. पण एखादा असाध्य दोष सांपडला म्हणून थांबलें असेल, तर तो दोष किंमतीबरोबर ग्राहकाच्या गळ्यांत येतो.

परीक्षेचा आरंभ गाडीपासून नव्हे, कागदांपासून करावा. नोंदणीपुस्तकांतील चॅसीचा व एंजिनाचा आंकडा गाडीवर कोरलेल्या आंकड्याशीं अक्षरशः जुळला पाहिजे. जुन्या जीपांना पुढें डिझेल एंजिन बसविण्याची चाल पुष्कळ होती. तो बदल पुस्तकांत नोंदलेला नसेल तर नांवावर करतांना गाडी अडते. 2021 सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी त्या नियमांखालीं 'विंटेज' म्हणून नोंदवितां येते. नव्या नोंदणीचें शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षें चालते. मात्र चॅसी, सांगाडा किंवा एंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी नित्याच्या कामास वापरतां येत नाहीं. म्हणजे हौसेनें केलेला एखादा 'सुधार' पुढें ह्या मार्गांतील धोंड ठरूं शकतो. ज्या गाडीचे कागदच नाहींत, तिची किंमत भंगाराच्या वजनाहून फारशी अधिक धरूं नये.

कागद ठीक असतील तर दृष्टि पत्र्याकडे वळवावी. शेठ वालचंद हिराचंद ह्यांनीं 1944 सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्यास फियाट 1100 जातीच्या गाड्या वर्षानुवर्षें बनविल्या. 1964 सालीं 'डिलाइट' आली आणि 1974 पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. ह्या गाडीस खालीं वेगळी चौकट नाहीं. पत्र्याची पेटी हीच तिची चौकट. म्हणून दारांखालचा उंबरा किंवा पायांखालची फरशी कुजली, कीं गाडीचा कणाच गेला असें समजावें. जीपेचें उलट आहे: तिचें अंग एका मजबूत चौकटीवर बोल्टांनीं बसविलेलें असतें. अंगाचा पत्रा बदलतां येतो. चौकट तडकली आहे काय, किंवा तिच्यावर जोड झाळले आहेत काय, हें आधीं पाहावें.

पुट्टीची चोरी पकडण्यास एक साधा लोहचुंबक पुरतो. त्यास मऊ फडकें गुंडाळून तो उंबऱ्यावर, दारांच्या खालच्या कडांवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवावा. जेथें तो धरीत नाहीं, तेथें पत्रा नसून पुट्टी आहे. नंतर फियाटीची एक बाजू जॅकनें उचलून त्याच बाजूचें दार उघडून पाहावें. दार अडकलें किंवा त्याची फट वांकडी झाली, तर उंबऱ्यांत बळ उरलेलें नाहीं, हें निश्चित.

गाडीचें पूर्वायुष्य कोठें गेलें हेंही विचारणें अगत्याचें आहे. खानदेशचा कोरडा उन्हाळा पत्र्यास मानवतो. पण वैशाखांतील ऊन रबराच्या पट्ट्या, तारांवरील वेष्टण आणि बैठकींचा फोम ह्यांना कडक व ठिसूळ करून टाकतें. मुंबईच्या खाऱ्या हवेंत वाढलेली गाडी धुळ्यास येऊन वीस वर्षें राहिली, तरी तिचा पहिला गंज तिच्याबरोबरच येतो. शिवाय काळ्या मातीचा चिखल चाकांच्या कमानींत घट्ट बसून ओल धरून राहतो. तो खरवडून खालचा पत्रा पाहावा. मुंबईंतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. एखादी पद्मिनी 'घरगुती वापराची' म्हणून दाखविली जात असेल, तर दारांच्या बिजागऱ्यांमागें व डिकीच्या रबराखालीं रंग निरखावा. तेथें काळा आणि पिवळा रंग डोकावूं लागला, कीं गाडीनें मुंबईचीं भाडीं वाहिलीं आहेत हें सांगण्यास दुसरा साक्षीदार नको.

एंजिनाची परीक्षा तें थंड असतांनाच व्हावी. ग्राहक पोहोंचण्यापूर्वींच कोणी तें चालवून गरम केलें असेल, तर दुसऱ्या दिवशीं पुन्हा यावें. तेलाची पट्टी बाहेर काढावी. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी मिसळलें आहे. प्लग काढून चारही सिलिंडरांचा दाब मापकानें मोजावा. चारही आंकडे थोडे कमी पण सारखे असले तर चालतील. एकच आंकडा फार खालीं गेला, तर त्या सिलिंडराची दुरुस्ती अटळ. एंजिन मुळींच फिरत नसेल, तर प्लगांच्या भोकांतून थोडें तेल सोडून कांहीं काळानें हातानें फिरवून पाहावें. जोरानें मात्र मुळींच नाहीं.

शेवटीं पोत्यांत व खोक्यांत भरलेले सुटे भाग. 'सगळें आहे,' ह्या शब्दावर विश्वास न ठेवतां ते सर्व जमिनीवर मांडावे आणि यादी करावी. पिस्टन, बेअरिंगें, ब्रेकचें रबर हीं प्रयत्नानें मिळतात. पण पुढची मूळ जाळी, चकाकत्या पट्ट्या, वांकाच्या कांचा आणि मापकांच्या तबकड्या हरवल्या असतील, तर एका वस्तूपायीं वर्ष जाऊं शकतें. रंगापूर्वींचीं छायाचित्रें आणि कारागिरांच्या पावत्या मागाव्या. ज्यानें काम प्रामाणिकपणें केलें आहे, त्यास त्या दाखविण्यांत संकोच नसतो.

ही यादी हातीं घेऊन ग्राहकानें गाडीपासून दूर बसावें. पत्रेकाम, रंग, एंजिन, तारा, बैठका, कागद अशा प्रत्येक कामापुढें त्या त्या कारागिरास विचारून आंकडा लिहावा. मालकानें आजवर किती खर्च केला ह्याचा येथें संबंध नाहीं. पुढें किती लागणार हाच खरा हिशेब. बेरजेस आणखी एकतृतीयांश जोडावा, कारण खोलल्याशिवाय न दिसणारे दोष प्रत्येक जुन्या गाडीत असतात. ती बेरीज पूर्ण झालेल्या चांगल्या गाडीच्या बाजारभावांतून वजा करावी. उरेल तीच मालकास द्यावयाची किंमत. कांहींच उरत नसेल तर नमस्कार करून परत निघावें.

जळगांवचा गृहस्थ धुळ्यास जाऊन रिकाम्या हातानें परतला, तर त्याची एक रविवारची सुट्टी व येण्याजाण्याचा खर्च एवढेंच जातें. ताडपत्रीखालची चुकीची गाडी अंगणांत आली, तर ती पुन्हा ताडपत्रीखालींच जाते, आणि कांहीं वर्षांनीं तोच गृहस्थ दुसऱ्या एखाद्या हौशी माणसास सांगूं लागतो, "आतां किरकोळ काम तेवढें राहिलें आहे."