धरण पास आहे, पण खाली कोण राहतं?

आजचा भाग छोट्या धरणांबद्दल आहे. कोयना, जायकवाडी, उजनी यांच्या बातम्या पावसाळ्यात रोज येतात. किती टक्के भरलं, किती दरवाजे उघडले, सगळं कळतं. पण गावाच्या वरच्या अंगाला जो मातीचा तलाव असतो, ज्याच्या बांधावर आपण संध्याकाळी फोटो काढायला जातो, त्याची बातमी सहसा येत नाही. आली तर तो फुटल्यावरच येते.

२ जुलै २०१९ च्या रात्री असंच झालं. रत्नागिरी जिल्हा, चिपळूण तालुका, तिवरे गाव. धुवाधार पाऊस सुरू होता आणि मातीचं धरण फुटलं. खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. गळती होत असल्याचं गावकरी आधीपासून सांगत होते, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांमुळे धरण फुटल्याचं सांगितलं आणि पुढचे काही दिवस सगळीकडे खेकड्यांचे मीम्स फिरले.

हसणं सोपं होतं. पण जरा थांबून बघा. मातीच्या भरावात खेकडे, घुशी, उंदीर बिळं करतात, हे खरंच आहे. म्हणूनच तर तपासणीच्या यादीत बिळं, झाडांची मुळं, भेगा या गोष्टी असतात. म्हणजे खेकडा हे उत्तर मानलं, तरी पुढचा प्रश्न उरतोच. बिळं बघायला कोण गेलं होतं, आणि काय लिहून आलं?

आता मुद्द्यावर येतो. धरणाला दोन वेगवेगळे शेरे मिळतात आणि आपण त्यांची गल्लत करतो.

पहिला शेरा तब्येतीचा. धरण किती धड आहे? आपल्याकडे तपासणीनंतर धरणं तीन गटांत टाकतात. पहिल्या गटात मोठे दोष, ज्यामुळे धरण फुटू शकतं. दुसऱ्यात दुरुस्त होण्यासारखे, पण ताबडतोब हात घालायला हवा असे दोष. तिसऱ्यात किरकोळ दोष किंवा काहीच नाही. इथे पहिला नंबर म्हणजे सगळ्यात वाईट, हे लक्षात ठेवा.

दुसरा शेरा धोक्याचा, म्हणजे हॅझर्ड. याचा धरणाच्या तब्येतीशी संबंध नाही. प्रश्न एवढाच: उद्या हे फुटलंच, तर खाली काय आहे? अमेरिकेत कमी, लक्षणीय आणि जास्त अशा तीन पायऱ्या आहेत. फुटल्यावर माणसं दगावण्याची शक्यता असेल, की धरण ‘जास्त’मध्ये जातं. मग ते काल बांधलेलं आणि अगदी ठणठणीत का असेना. आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने २०२० मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात चार वर्ग आहेत.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे पटकन कळेल. बग येण्याची शक्यता किती आणि आला तर नुकसान किती, हे दोन वेगळे कॉलम असतात. एकाच आकड्यात दोन्ही कोंबले की घोळ होतो. ‘जास्त धोका’ ऐकून गाव घाबरतं, वास्तविक धरण उत्तम असू शकतं. आणि ‘धरण चांगलं आहे’ ऐकून गाव निर्धास्त होतं, वास्तविक बांधाखाली शंभर घरं असतात.

यात एक मेख आहे. तब्येत बिघडली तर बांधावर काहीतरी दिसतं. धोका मात्र बांधाला हात न लावता वाढतो. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर कितीतरी पाझर तलाव झाले. समजा तेव्हा एखाद्या तलावाखाली फक्त माळरान होतं. आज तिथे रस्ता आहे, रस्त्याला लागून ढाबा, पोल्ट्री, अंगणवाडी आणि वीसेक घरांची वस्ती. तलाव तोच, पाणीही तेवढंच. पण फुटला तर आता माणसं मरतील. रजिस्टरमधली जुनी नोंद कोणी बदलली नाही, तर कागदावर तो अजून माळरानावरचाच तलाव असतो.

कायदा काय म्हणतो? तिवरे फुटलं तेव्हा कायदा नव्हताच. विधेयक लोकसभेत मंजूर झालं बरोबर महिन्याने, २ ऑगस्ट २०१९ ला. राज्यसभेत मंजूर व्हायला डिसेंबर २०२१ उजाडला. या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी सक्तीची केली. जुन्या धरणांसाठी पाच वर्षांच्या आत आपत्कालीन कृती आराखडा करायला सांगितला. धोक्याचं वर्गीकरणही राज्याच्या धरण सुरक्षा संघटनेकडे दिलं. आपली संघटना नाशिकला आहे. महाराष्ट्रात दोन हजारांहून जास्त मोठी धरणं आहेत, देशात सगळ्यात जास्त, तेव्हा काम काही कमी नाही.

पण हा कायदा सगळ्या धरणांना लागू नाही. उंची १५ मीटरच्या वर असेल तर लागू. १० ते १५ मीटरमध्ये असेल तर काही अटी आहेत. उदाहरणार्थ, लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर, यापैकी एक तरी हवं. १० लाख घनमीटर म्हणजे १०० कोटी लिटर. दहा हजार लिटरचे एक लाख टँकर डोळ्यांसमोर आणा. यातलं काहीच लागू होत नसेल, तर तो तलाव या कायद्याबाहेर.

मला खटकतं ते इथेच. कायद्याची चाळणी आकाराची आहे. नऊ मीटरचा तलाव, अर्ध्या किलोमीटरवर वस्ती, तरी तो या चाळणीतून खाली पडतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण नोंदवहीत उलट आहे. फुटल्यावर जीव जाण्याची शक्यता असेल, तर उंची कितीही असो, नोंद होते. आपणही आधी खाली कोण राहतं ते विचारावं आणि उंची मग मोजावी, असं माझं म्हणणं आहे. शिवाय मोठं धरण दूर असतं, पाणी पोचायला वेळ लागतो. छोटा तलाव वस्तीच्या डोक्यावरच असतो. तिथे हातात काही मिनिटंच असतात.

मग आपण काय करायचं? आधी डोळे उघडे ठेवायचे. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच, त्यासाठी पायथ्याला दगडी थर आणि चर केलेली असते. स्वच्छ, एकसारखं पाझरत असेल तर लगेच घाबरू नका. पण पाणी गढूळ झालं, किंवा अचानक वाढलं, तर ते आतली माती घेऊन येतंय. आतल्या आत बोगदा पडतोय. तेव्हा थांबायचं नाही, कळवायचं आणि बांधाखालून बाजूला व्हायचं. बांधाच्या माथ्यावर लांब भेग, कुठे खचलेला भाग, भरावावर वाढलेली मोठी झाडं, हेही टिपा. आणि सांडवा बघा. झुडपांनी भरलाय का? जास्त पाणी साठावं म्हणून कोणी त्यावर पोती रचलीत का? सांडवा अडला की पाणी बांधावरून जातं, आणि मातीचा बांध ते फार वेळ सोसत नाही. फोटो काढाच, पण तारखेसकट, दर वर्षी त्याच जागेवरून.

दुसरं, ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. तलाव कोणाच्या ताब्यात आहे: जिल्हा परिषद, मृद व जलसंधारण विभाग की जलसंपदा विभाग? शेवटची तपासणी कधी झाली आणि अहवालात काय आहे? आणि रात्री दोन वाजता पाणी वाढलं, तर कोण कोणाला फोन करणार? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माझ्या कामात रात्री सर्व्हर पडला तर पहिला फोन कोणाला, त्याने उचलला नाही तर दुसरा कोणाला, ही यादी आधीच ठरलेली असते. आणि तिथे तर फक्त ॲप बंद पडलेलं असतं. वस्तीसाठी अशी यादी करायला ना इंजिनिअर लागतो, ना निधी.

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या, बांधकाम सुरू असलेल्या धरणाला गळती लागली. खालची गावं रिकामी केली, बाजूने चर खोदून पाणी काढलं. पाण्याने बांध कापत नेला, पण जीवितहानी झाली नाही. त्या धरणाच्या कामावर प्रश्न आहेतच, आणि विचारायलाच हवेत. पण माणसं वाचली, कारण ती पाण्याच्या वाटेतून वेळेत बाजूला झाली होती.

तर पाऊस सुरू व्हायच्या आधी एक काम करा. फोनवर नकाशा उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा, गावाच्या वरचा तलाव शोधा. तिथून ओढा खाली कुठे जातो, त्यावर बोट फिरवत या आणि काठावरची छपरं मोजा. तो आकडा पुढच्या ग्रामसभेत सांगा. कोणाच्या तलावाखाली किती घरं निघाली, मलाही कळवा. भेटू पुढच्या भागात.