उतारावरची विजेची गाडी

मरोळ नाक्याहून मेट्रोनें घाटकोपर, तेथून कर्जतच्या गाडीनें नेरळ, आणि नेरळहून टॅक्सीनें घाट चढून दस्तुरी नाका. अंधेरी-मरोळकडील मंडळींचा माथेरानचा मार्ग बहुधा असा असतो. दस्तुरी नाक्याशीं मात्र मोटारी थांबतात. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं १८५० सालीं जगाच्या नजरेस आणलेलें, १९०७ सालीं लहान आगगाडीनें नेरळशीं जोडलेलें, आणि २००३ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झालेलें हें गांव. त्याच्या तांबड्या वाटांवर मोटारींना मज्जाव आहे. पायीं चालावें, घोडा करावा, अमन लॉजहून आगगाडी धरावी. आणि ज्यांना यांपैकीं कांहींच झेपत नसे, त्यांच्यासाठीं हातरिक्षा असे.

ही हातरिक्षा कशी चाले तें लक्षांत घेण्यासारखें आहे. एक मनुष्य पुढें दांड्याला, दोघे मागें. चढणीवर पुढच्यानें ओढावें, मागच्यांनीं रेटावें. आणि उतार लागला कीं काम उलट होई. आतां गाडी पुढें न्यावयाची नसे, ती आवरावयाची असे. मागचे दोघे टांचा रोवून, अंग मागें टाकून तिला धरून ठेवीत. आंत बसलेल्या वृद्ध बाईचा जीव त्या चार टांचांच्या आधारावर असे.

माणसानें माणसास ओढावें हें दृश्य अनेकांना सलत होतें. २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें माथेरानांत प्रयोगादाखल बॅटरीवर चालणाऱ्या ई-रिक्षांना मोकळीक दिली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सात गाड्यांनिशीं प्रयोगास आरंभ झाला. पुढें २०२५ च्या ऑगस्टमध्यें, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेस शोभणारी नाहीं असें सांगून, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्या व त्या ओढणाऱ्यांचें ई-रिक्षांच्या द्वारें पुनर्वसन करावें, असा आदेश न्यायालयानें दिला. छातीवरचा भार अशा रीतीनें बॅटरीवर जावयाचा ठरला. ही गोष्ट आनंदाची खरी; परंतु टांचा रोवणारे ते दोघे या नव्या गाडींत कोठें आहेत, हा प्रश्न उरतोच. गोल्फच्या मैदानावरील चारचाकी गाडी काय किंवा माथेरानची तीनचाकी रिक्षा काय, डोंगरांत दोहींचा धर्म एकच आहे.

प्रथम चढणीचा विचार करूं. गाडी, बॅटऱ्या, चालक व चार उतारू मिळून ७०० किलो वजन धरलें, आणि दर दहा मीटरांस एक मीटर उंची वाढविणारा चढ घेतला, तर केवळ त्या चढापायीं गाडीला सुमारें ७० किलोंचा भार सतत वर ओढावा लागतो. ताशीं १० किलोमीटर वेगानें हें काम करण्यास, चाकांचें घर्षण धरून, अडीच हजार वॅटच्या आसपास शक्ति लागते. वेग दुप्पट केला कीं शक्तीहि दुप्पट लागते. म्हणून शहाणा चालक चढण संथपणें व सरळ चढतो. गाडी आडवी घालून चढ कमी करण्याची युक्ति पायीं चालणाराला शोभते, तीन चाकांच्या गाडीला नाहीं. तेथें ती कलंडण्याचें भय असतें. तसेंच चढावर थांबणें भाग पडल्यास ब्रेकनें थांबावें. पायाखालची कळ किंचित् दाबून गाडी जागच्या जागीं तोलून धरण्याची संवय फार वाईट. मोटर फिरत नाहीं, वीज मात्र वाहतच राहते, आणि ती सारी उष्णता होऊन मोटरीच्या तारा जाळते.

खरी परीक्षा उतारावर होते. वरील प्रमाणाचा उतार ३०० मीटर लांब असला, तर गाडी ३० मीटर खालीं येते. कांहींच अडथळा नसता तर एवढ्या उतारानें कोणत्याहि गाडीला, मग ती हलकी असो कीं जड, ताशीं ८५ किलोमीटरांहून अधिक वेग आला असता. तो वेग येऊं न देणें हेंच चालकाचें काम. ब्रेक म्हणजे घर्षण व घर्षण म्हणजे उष्णता. ब्रेक सतत घासत ठेवला कीं तो तापतो, आणि तापलेल्या ब्रेकची पकड नेमकी गरजेच्या वेळीं सुटते. यासाठीं उतार सुरू होण्यापूर्वींच वेग कमी करावा, मागून नव्हे. वेग दुप्पट असला तर गाडी थांबण्यास अंतर चौपट लागतें, हें गणित वळणावर कोणाला माफ करीत नाहीं.

कित्येक विजेच्या गाड्यांत आणखी एक मदतनीस असतो. उतारावर चाकेंच मोटरीला फिरवूं लागतात, मोटर स्वतः वीज उत्पन्न करूं लागते आणि तो बोजा गाडीला मागें ओढतो. हेच त्या हातरिक्षेमागचे दोघे गडी! पण वीज वांचविण्याच्या लोभानें किल्ली बंद केली, अगर गाडी मोकळी सोडली, कीं ते दोघेहि हात सोडून जातात. दुसरें असें कीं, बॅटरी कांठोकांठ भरलेली असली तर तिच्यांत नव्या विजेला जागा नसते, व ही मदत कमी पडते. ज्याला सकाळची पहिलीच फेरी उतारानें करावयाची आहे, त्यानें हें विसरूं नये. ज्या गाडींत ही सोय मुळींच नाहीं, तिच्या चालकानें दुप्पट सावध असावें.

पावसाळ्यांत तर शेवाळ व कुजलेला पाला चाकांखालीं साबणासारखा होतो. तेथें एकदम जोरानें ब्रेक दाबला तर चाक थांबतें, पण गाडी घसरतच जाते. ब्रेक हळूहळू व आधींपासून लावावा. गाडीला आवाज नसतो. पुढें घोडा किंवा पाठमोरा मनुष्य असेल तर लांबूनच सूचना द्यावी, जवळ जाऊन घोड्याच्या कानाशीं भोंगा वाजवूं नये. गाडी उभी करतांना हातब्रेक ओढावा, किल्ली काढावी, पुढचें चाक डोंगराच्या बाजूस वळवावें आणि मागच्या चाकाला पाचर किंवा दगड द्यावा. दगडाला बॅटरी लागत नाहीं. तो कधीं संपत नाहीं.

उतारूंचीहि कांहीं जबाबदारी आहे. चारांच्या जागीं सहा बसणें, सामान टपावर चढविणें, वळणावर छायाचित्रासाठीं बाहेर झुकणें, आणि "जरा जोरांत घ्या" म्हणून घाई करणें, ही सर्व उताराला दिलेली लांच होय. बरोबरच्या आजींनीं हळू चालविण्यास सांगितलें तर त्यांना भित्र्या म्हणून हसूं नये.

मरोळ-मरोशीकडून आरे वसाहतींत सायकलीनें जाणाऱ्या मुलांनाहि चढ व उतार ठाऊक असतात. चढाला सारेच भितात, उताराला मात्र कोणी भीत नाहीं. आणि अपघात बहुधा तेथेंच वाट पाहात असतो. हातरिक्षा ओढणाऱ्याला हें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. तें त्याच्या टांचांना ठाऊक होतें. त्याच्या खांद्यावरचें जूं उतरलें तें योग्यच झालें. त्याच्या टांचांचें ज्ञान मात्र उतरूं देतां कामा नये. तें आतां चालकाच्या पायाशीं, ब्रेकच्या पट्टीवर, वस्तीला आलें पाहिजे.