उकळून जात नाही, ते कुठे अडवायचं?

(जालना जिल्ह्यातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



घरात लेकराला हगवण लागली की पहिला प्रश्न आईला विचारतात, "पाणी झाकून ठेवलं नव्हतंस का?" हंडा घासला नाही, पाणी गाळलं नाही, उकळलं नाही. आरोग्याच्या शिबिरातही आपल्याला हेच शिकवतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. हंड्यात येण्याआधी पाणी कुणी बिघडवलं, हे कुणी विचारत नाही. आज ते उरलेलं अर्धं बोलू. पाण्यात काय मिसळतं, कुठून मिसळतं आणि त्यातलं चुलीवर किती जातं?

आपली कुंडलिकाच घ्या. घाणेवाडीच्या तलावाकडून ती जालना शहरात येते, तिथे तिला सीना मिळते. पुढे कुंडलिका दुधनेत, दुधना पूर्णेत आणि पूर्णा गोदावरीत जाते. म्हणजे वरच्या गावाचं सांडपाणी ते खालच्या गावाचं पाणी. आणि गावातसुद्धा ओढ्याच्या खालच्या अंगाला वस्ती कुणाची असते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

पहिली घाण मैल्याची. शहराच्या गटारातून, उघड्यावरच्या हागणदारीतून, ओढ्याकाठच्या उकिरड्यातून ती येते. तिच्यातून हगवण, कॉलरा, विषमज्वर, कावीळ पसरते. शिवाय ही घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. म्हणून मासे मरतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो. यातले जंतू मात्र उकळून मरतात. टीसीएल पावडर नीट टाकली तरी मरतात. तुरटीनं नुसता गाळ खाली बसतो. पाणी नितळ दिसतं, पण जंतू राहतात.

दुसरी घाण खताची. कापूस, सोयाबीन, मोसंबीला आपण युरिया टाकतो. १०० किलो युरियात ४६ किलो नत्र असतं. पीक ते सगळं घेत नाही. उरलेल्याचं नायट्रेट होतं. पावसाबरोबर ते ओढ्यात जातं आणि जमिनीतून विहिरीत झिरपतं. शेणाचे ढीग आणि संडासाचे खड्डे यांतूनही ते येतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावं, असं भारतीय मानक सांगतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून पाजलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. बाळ निळं पडतं, जिवावर बेतू शकतं.

आता नीट ऐका. नायट्रेट उकळून जात नाही. पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहतं. जितकं जास्त आटवाल, तितकं उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे जी आई सरपण जाळून, धूर खाऊन, मनापासून पाणी उकळते, तिच्या त्या कष्टानं हे संकट टळत नाही. तिची चूक काय? म्हणून उकळणं सोडू नका, जंतूंसाठी ते हवंच. पण लहान बाळासाठी पाणी तपासलेल्या ठिकाणचंच घ्या.

तिसरी घाण फवारणीच्या औषधाची. पंप ओढ्यावर धुतला जातो, रिकामे डबे बांधावर पडतात, पहिल्या पावसात सगळं वाहून जातं. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. ते विष श्वासातून आणि कातडीतून गेलं. पण पंप धुतलेलं पाणीही विषाचंच असतं. औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी किंवा तेल भरायचं नाही, हे घरोघर सांगा.

चौथी घाण कारखान्यांची. जालन्याची लोखंडी सळई प्रसिद्ध आहे. ती भंगार वितळवून होते. भट्टीच्या धुळीत जस्त, शिसं यांसारखे धातू असू शकतात. ही धूळ आणि यंत्राचं तेल उघड्यावर पडलं, तर पाऊस ते नाल्यात नेतो. साखर कारखान्याची मळी आणि दारूभट्टीचं सांडपाणी सोडलं, तर तेही प्राणवायू खातं. कुठला कारखाना काय सोडतो, हे तपासल्याशिवाय बोलता येत नाही. पण तपासा म्हणण्याचा हक्क आपला आहे. शिसं चुलीवर जात नाही आणि टीसीएलनंही जात नाही.

यात आपलाही वाटा आहे, तो लपवायचा नाही. धुण्याच्या पावडरीचं पाणी नदीतच जातं. पण नदीवर धुणं कोण नेतं? जिच्या दारी नळ नाही ती. काठावर बसलेली बाई सगळ्यांना दिसते. शहराचा नाला मात्र कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

दुष्काळात हे सगळं आणखी वाढतं. २०१२-१३ चा दुष्काळ आठवा. नदीला वाहतं पाणी नसेल, तर घाण पातळ व्हायला जागाच नाही. उरतं ते डबकं.

मग करायचं काय? एक, पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच बायकांना तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावच्या पाचजणी कोण, संच कुणाच्या कपाटात आहे, हे विचारा. जंतूंच्या बाटलीतलं पाणी काळं झालं, तर ते पिऊ नका. नायट्रेट आणि धातूंसाठी प्रयोगशाळेचा अहवाल मागा. दोन, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. तिथे पाण्याचा ठराव लिहून घ्या. तोंडी सांगून सोडून देऊ नका. तीन, १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कारखान्याला सांडपाणी सोडताना ज्या अटी घातल्या जातात, त्यांची नोंदवही प्रदूषण नियंत्रण मंडळाला ठेवावी लागते. त्या सांडपाण्याची झळ लागणाऱ्या माणसाला ती पाहता येते. झळ आपल्याला लागते, तेव्हा ती पाहायला आपणच जायचं. एकटीनं नाही, दहाजणींनी.

बायांनो, गाळणं, उकळणं, झाकणं आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. जे चुलीवर जातं ते आपण घालवू. पण जे चुलीवर जात नाही त्याचा जाब चुलीपाशी बसून मिळणार नाही. तो ग्रामसभेत मागावा लागेल, मंडळाच्या दारात मागावा लागेल. पुढच्या वेळी कुणी विचारलं, "पाणी उकळलं होतंस का?" तर सांगा, "हो, उकळलं होतं. आता तुम्ही सांगा, यात सोडलं कुणी काय?"