मिर्झा तफ्ता यांस : वृद्ध गालिबची पत्रे

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पत्रांचे मोल आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकच्या दादासाहेब गायकवाडांना वेळोवेळी पत्रे लिहिली. दादासाहेबांनी ती जपली, म्हणून आज आपल्याला ती छापील रूपात वाचता येतात. पत्र लिहिणारा मोठा असतो हे खरेच, पण ते जपणारा नसेल तर मोठ्या माणसाच्या मनातले निम्मे आपल्यापर्यंत येतच नाही. अशाच दुसऱ्या एका जोडीविषयी आज आम्ही बोलणार आहोत. ती जोडी आपल्या भागातली नाही, आपल्या भाषेतलीही नाही. परंतु गोंदियात मराठी, हिंदी आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात, आणि १९८८ साली दूरदर्शनवर ‘मिर्झा गालिब’ मालिका लागली तेव्हा ती घरोघरी पाहिली गेली. त्यामुळे गालिब हे नाव येथे परके नाही.

मिर्झा असदुल्ला खान गालिब यांचा जन्म १७९७ साली आग्र्याला झाला आणि मृत्यू १८६९ साली दिल्लीत. त्याचा मित्र आणि शिष्य म्हणजे मुन्शी हरगोपाल ‘तफ्ता’. राहणार सिकंदराबाद. रेल्वेच्या गावातल्या श्रोत्यांना लगेच हैदराबादजवळचे सिकंदराबाद आठवेल, म्हणून सांगतो, हे उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातले सिकंदराबाद. तफ्ता कायस्थ, फारसीत कविता करणारा, वयाने गालिबच्या जवळपास बरोबरीचा. गालिब त्याला ‘मिर्झा तफ्ता’ म्हणत असे. मिर्झा ही मोगल-तुर्क घराण्यांची पदवी; ती त्याने एका हिंदू मित्राच्या नावाला जोडून टाकली. गालिबने पुष्कळांना पत्रे लिहिली, पण आज उपलब्ध असलेल्या पत्रांत सर्वांत जास्त तफ्तालाच आहेत, सव्वाशेच्या आसपास.

विद्यार्थ्यांना शाळेत पत्राचा मायना शिकवतात. ‘साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ लिहिता लिहिताच निम्मा कागद संपतो. त्या काळच्या फारसी पत्रांचे तर विचारूच नका, बिरुदे आणि विशेषणे यांतच पान भरत असे. गालिबने उर्दूत पत्रे लिहायला लागल्यावर हा सारा पसारा काढून टाकला. ‘साहेब’, ‘भाई’ एवढे म्हणून तो एकदम मुद्द्यावर येतो. समोर बसलेल्या माणसाशी बोलावे तसे लिहितो. आपण पत्रव्यवहाराची बातचीत करून टाकली, असे तो स्वतःच एका मित्राला अभिमानाने कळवतो. उर्दू गद्याला वळण देणाऱ्या लेखनात या पत्रांची गणना होते.

आता वृद्धापकाळाकडे येऊ. १८५७ च्या मे महिन्यात उठाव झाला तेव्हा गालिब साठीच्या उंबरठ्यावर होता. त्याला इंग्रज सरकारकडून दरमहा ६२ रुपये ८ आणे पेन्शन मिळत होते, ते बंद झाले. बहादूरशाहाच्या दरबाराकडून दरमहा ५० रुपये मिळत, तो दरबारच उरला नाही. सप्टेंबरात दिल्ली पुन्हा इंग्रजांच्या ताब्यात गेली, शहर ओस पडले, मुसलमानांना शहराबाहेर घालवण्यात आले. धाकटा भाऊ मिर्झा युसुफ त्याच धामधुमीत वारला. मित्र कोणी फाशी गेले, कोणी परागंदा झाले. गालिब बल्लीमारान मोहल्ल्यातल्या आपल्या घरात बसून राहिला. या काळात मेरठहून तफ्ताने त्याला पैसे पाठवले, पत्रे पाठवली, दुरुस्तीसाठी गझलाही पाठवल्या. हे गालिबने आपल्या ‘दस्तंबू’ या फारसी पुस्तकात नमूद करून ठेवले आहे.

गझला पाठवल्या, हे आम्हाला पैशांइतकेच महत्त्वाचे वाटते. पैसे दिले की घेणारा माणूस थोडा लहान होतो. पण पैशांबरोबर ‘माझ्या ओळी तपासून द्या’ असेही लिहिले, की घेणारा पुन्हा उस्ताद होतो. तफ्ताने हे समजून-उमजून केले की सवयीने, कोण जाणे!

हिशेबाच्या बाबतीत आम्ही बँकेतली माणसे जरा जास्तच उत्सुक असतो. तफ्ताला लिहिलेल्या पत्रांत हुंड्यांचा मजकूर पुन्हा पुन्हा येतो. एके ठिकाणी शंभर रुपयांच्या हुंडीचा जमाखर्च आहे. २४ रुपये देणे होते ते दिले, ५० घरात बायकोकडे पाठवले, उरलेले २६ पेटीत ठेवले. दुसरी एक हुंडी बारा दिवसांच्या मुदतीची होती. सहा दिवस गेले होते, सहा राहिले होते. एवढा धीर कोणाला? वटाव सोसून गालिबने ती आधीच वटवून घेतली आणि सटरफटर देणी फेडून मोकळा झाला. मग पेटीत रोख किती उरली आणि मद्याच्या बाटल्या किती शिल्लक आहेत, तेही त्याच पत्रात मोजून सांगितले! हाच तो गालिब, ज्याने १८४२ साली दिल्ली कॉलेजातली फारसीच्या अध्यापकाची जागा सोडून दिली, का, तर इंग्रज सचिव स्वागताला दारापर्यंत आला नाही. पालखी तशीच मागे फिरवली. अशा मानी माणसाला तफ्तासमोर पेटी उघडून दाखवताना संकोच वाटत नाही.

पण त्याने मित्राची खुशामत केली असे कोणी समजू नये. तफ्ता भरपूर लिहीत असे. त्याच्या ग्रंथाला गालिबने प्रस्तावना लिहिली, ती त्याला स्तुती कमी आहे अशी वाटली. गालिबने कळवले की भाटांसारखी बडबड करणे आपल्याला जमत नाही. पुढे तफ्ताने पदरचे पैसे घालून ‘सुंबुलिस्तान’ हे पुस्तक काढले. त्याची छपाई वाईट झाली. तेव्हा गालिबने लिहिले ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. किल्ल्यातल्या बेगमा आता दिल्लीत हिंडतात, तोंडे चंद्रासारखी, पण कपडे मळके, विजारी फाटक्या, जोडे तुटके. तुझे पुस्तक तसे आहे, असा त्याचा आशय. एका वाक्यात त्याने पुस्तकाची छपाईही सांगितली आणि उद्ध्वस्त राजघराणेही दाखवले. पत्राने काव्य शिकवण्याची ही रीत आपल्या विदर्भातही चालली. सुरेश भटांनी नव्या कवींना पत्रांतून गझल समजावली आणि त्यांच्यासाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली.

‘दस्तंबू’ १८५८ साली आग्र्यात छापले गेले तेव्हा त्याच्या छपाईवर लक्ष ठेवणाऱ्यांत तफ्ता होता. ते शुद्ध फारसीत लिहिण्याचा गालिबचा हट्ट होता. मागाहून लक्षात आले की एक अरबी शब्द राहून गेला आहे. मग धावतपळत तफ्ताला पत्र, तो शब्द काढ आणि हा घाल. या पुस्तकाविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. पेन्शन सुटावी म्हणून इंग्रजांना खूष करण्याचा हेतू त्यात उघड दिसतो, आणि उठाव करणाऱ्या सामान्य लोकांविषयी खानदानी तुच्छताही दिसते. मोठ्या कवीचे सगळेच डोक्यावर घ्यायचे कारण नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात लिहिलेले पत्र मात्र आम्ही कितीदा वाचले असेल! गालिब लिहितो की या एकांतात आपण केवळ पत्रांच्या भरवशावर जगतो. ज्याचे पत्र आले तो माणूसच घरी आला असे समजतो. चहूकडून रोज पत्रे येतात, एखाद्या दिवशी सकाळीही आणि संध्याकाळीही. मग तुझेच पत्र दहा-बारा दिवस का नाही? आध आण्याची कंजुषी करू नकोस, नाहीतर बैरंग पाठव. १८५४ पासून साऱ्या देशात आध आण्यात पत्र जाऊ लागले होते. बैरंग पत्राचे पैसे घेणाऱ्याला भरावे लागत, तेही दुप्पट. म्हणजे ज्याच्या घरात पैशांची ही अवस्था, तो म्हणतो की दुप्पट मी भरीन, पण लिही.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या पत्राकडे वळतो. गालिबने तफ्ताला लिहिले की माणूस मुसलमान असो, हिंदू असो की ख्रिस्ती, आपण त्याला प्रिय मानतो आणि भाऊ समजतो. दुसऱ्याने मानो वा न मानो. हे वाक्य सभासंमेलनांतून वारंवार ऐकवले जाते. परंतु त्याच पत्रात त्याला लागूनच पुढचा मजकूर आहे, तो सहसा कोणी ऐकवत नाही. जग ज्याला नातेगोते म्हणते, त्याला मात्र कौम, जात, धर्म आणि रीत यांची अट आहे आणि त्यात पायऱ्या आहेत, असे गालिब सांगतो. ते विधान तो एका माणसाशी आपले नाते नाही हे स्पष्ट करताना करतो. त्यात खेदही नाही, अभिमानही नाही, नुसती जगरहाटी सांगितली आहे. पहिले वाक्य वाचून भारावून जाणाऱ्यांनी दुसरेही वाचावे, असा आमचा आग्रह आहे. पायऱ्यांची व्यवस्था खालच्या पायरीवरून कशी दिसते हे आपल्याला ठाऊक आहे. गालिबला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही या अटींपैकी एकही पुरी न करणारा तफ्ता त्याच्या पडत्या काळात उभा राहिला. पत्र लिहिताना हे गालिबच्या मनात आले असेल का, याचा विद्यार्थ्यांनी स्वतः ती पत्रे वाचून विचार करावा. नागरी लिपीतही ती मिळतात.

पुढे १८५९ पासून रामपूरच्या नवाबाकडून दरमहा १०० रुपये येऊ लागले. १८६० च्या मेमध्ये पेन्शनही सुटले आणि तीन वर्षांची थकबाकी २,२५० रुपये हाती आली, त्यातली पुष्कळशी सावकारांकडे गेली. शेवटी शेवटी ऐकू येईनासे झाले. भेटायला येणारे कागदावर लिहून बोलत. पत्रे मात्र चालूच होती. मृत्यूच्या आदल्या दिवशीही त्याने एका पत्राचे उत्तर सांगून लिहवले, असे त्याचा चरित्रकार हाली सांगतो.

ही पत्रे छापावीत असे तफ्ताने आणि आग्र्याचे छापखानेवाले शिवनारायण यांनी १८५८ मध्येच सुचवले होते. गालिबने तेव्हा नकार दिला. आपापसातले बोलणे जगाला कशाला दाखवायचे, असे त्याला वाटले. पुढे तो राजी झाला. ‘ऊदे-हिंदी’ हा संग्रह १८६८ च्या ऑक्टोबरात निघाला. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हा दुसरा संग्रह गालिबच्या मृत्यूनंतर सुमारे तीन आठवड्यांनी, १८६९ च्या मार्चमध्ये बाहेर आला. तफ्ताने लिहिलेली पत्रे त्यांत नाहीत. त्याने काय विचारले, कशावरून तो रुसला, हुंडीबरोबर चार शब्द कोणते लिहिले, हे गालिबच्या उत्तरांवरूनच ओळखावे लागते.